गोधडीचा टाका घालताना मेंदू काय करतो?

गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक निरोप फिरत होता. "रोज अर्धा तास शिवणकाम करा, मेंदूत डोपामिन तयार होतं आणि नैराश्य मुळापासून जातं. अमेरिकेत सिद्ध झालंय." मी तो आईला वाचून दाखवला. औसा तालुक्यातल्या आमच्या घरी ओसरीवर ती जुनी लुगडी अंथरून गोधडी शिवत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "ते डोपा-बिपा मला काय ठाऊक नाही. पण सुई हातात आली की डोस्कं गप बसतंय बघ."

निरोपातलं वाक्य आणि आईचं वाक्य यांत विज्ञानाच्या जास्त जवळ आईचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी पुरावा पाहू. 2016 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना माती, रंगीत पेनं आणि कोलाजचं सामान दिलं आणि 45 मिनिटं हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर त्यांची लाळ तपासली. सुमारे 75 टक्के लोकांमध्ये कॉर्टिसॉल हे तणावाशी निगडित संप्रेरक कमी झालेलं आढळलं. चित्रकला येणारे आणि शाळा सुटल्यापासून ब्रशला हातही न लावलेले, यांच्यात फरक दिसला नाही. मात्र या प्रयोगात तुलनेसाठी नुसता बसवून ठेवलेला दुसरा गट नव्हता, आणि कॉर्टिसॉल तर सकाळी चढलेलं असतं व दिवस जाईल तसं आपोआपही उतरतं. 2024 साली ब्रिटनमधल्या 7,182 लोकांच्या सर्वेक्षणाचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. कला-हस्तकला करणारे लोक आयुष्याबद्दल अधिक समाधानी असल्याचं त्यात दिसलं. इथेही अडचण आहेच: समाधानी माणूसच हस्तकलेकडे वळत असेल तर? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली कला आणि आरोग्य या विषयावरच्या 900 हून अधिक प्रकाशनांचा आढावा घेतला, तेव्हा फायद्याच्या बाजूने बरंच काही हाती लागलं. म्हणजे दिशा स्पष्ट आहे, पण "सिद्ध झालंय, मुळापासून जातं" असं म्हणण्याइतकं काही नाही.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. ती गोष्ट म्हणजे एक टाका.

आमच्याकडे गोधडी कडेपासून सुरू करतात आणि चौकोनात चौकोन घेत आत आत जातात. समजा गोधडी 180 सेंटिमीटर लांब आणि 135 सेंटिमीटर रुंद आहे, दोन ओळींत दीड सेंटिमीटरचं अंतर आहे आणि धावदोऱ्याचा एक टाका सेंटिमीटरभर जागा घेतो. क्षेत्रफळाला ओळींच्या अंतराने भागलं की दोऱ्याच्या वाटेची लांबी मिळते: 162 मीटर. म्हणजे एका गोधडीत 16 हजार 200 टाके. इतक्या वेळा उजवा हात वरून सुई दाबतो आणि कापडाखाली असलेलं डाव्या हाताचं बोट सुईचं टोक आलं की नाही ते चाचपतं. ते बोट डोळ्यांना दिसत नाही. सगळा कारभार स्पर्शावर चालतो.

बोटाचं टोक हे त्यासाठी घडलेलं इंद्रिय आहे. तळहात आणि बोटं मिळून एका हाताच्या कातडीत स्पर्श टिपणाऱ्या चेतातंतूंची संख्या सुमारे 17 हजार आहे आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती बोटांच्या टोकांवर. 1937 साली वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूच्या शल्यविशारदाने जाग्या रुग्णांच्या मेंदूला हलके विद्युतझटके देऊन शरीराचा कोणता भाग मेंदूत कुठे आणि किती जागा अडवतो ते नोंदवलं. पाठीला आणि मांडीला चिंचोळी पट्टी आली. हाताला, विशेषतः बोटांना आणि अंगठ्याला, भली मोठी जागा मिळाली.

पण इथे एक पेच आहे. बोटाला काही जाणवलं, ते मेंदूपर्यंत गेलं, मेंदूने ठरवलं आणि हुकूम परत स्नायूंपर्यंत आला, या फेरीला एका सेकंदाचा दहावा भाग तरी धरावा लागतो. सराईत हातातली सुई सेकंदाला 10 सेंटिमीटर सरकत असेल, तर तेवढ्या वेळात ती एक सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे पुरता एक टाका! बातमी येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर प्रत्येक टाका चुकेल आणि प्रत्येक वेळी बोटातून रक्त येईल. आईच्या बोटातून येत नाही. कसं?

मेंदू बातमीची वाट पाहत नाही, तो आधीच अंदाज बांधतो. हाताला हुकूम सोडताना त्या हुकुमाची एक प्रत मेंदू स्वतःजवळ ठेवतो. त्या प्रतीवरून तो ठरवतो की हा हुकूम पाळला गेला तर इतक्या क्षणांनी बोटाला अमुक टोचणी जाणवेल. मग खरी टोचणी येते आणि तो दोन्हींचा ताळा घेतो. जुळलं, तर बातमी दाबून टाकतो. नाही जुळलं, तर दचकतो आणि पुढचा हुकूम दुरुस्त करतो. ही कल्पना 1950 साली जर्मनीत एरिक फॉन होल्स्ट व होर्स्ट मिटेलश्टेट यांनी आणि अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी स्वतंत्रपणे मांडली.

याचा अनुभव तुम्ही रोज घेता. भरलेली समजून रिकामी घागर उचलली की ती झटक्यात वर उडते, कारण हाताने वजनाचा अंदाज आधीच बांधलेला असतो. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकला की पोटात धस्स होतं. आणि स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, कारण प्रत हाताशी असल्याने मेंदू त्या स्पर्शाची धार आधीच बोथट करतो. 1998 साली लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन हेच तपासलं, आणि त्यात लहान मेंदूचा, म्हणजे अनुमस्तिष्काचा, हात असल्याचं दिसलं.

हा लहान मेंदू माझा फार लाडका अवयव आहे. वजनाने एकूण मेंदूच्या साधारण दहाव्या भागाएवढा, पण मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ 6,900 कोटी त्याच्यात आहेत. त्यात पुर्किंजे नावाच्या पेशी असतात, हाताच्या पंख्यासारख्या चपट्या पसरलेल्या. अशा एका पेशीला बारीक समांतर तंतूंकडून दीड-दोन लाख जोडण्या येतात. हात कुठे आहे, दोरा किती ताणलाय, काय हुकूम सुटला, हे सगळं त्यांच्यातून येतं. शिवाय तिला वेलीसारखा लपेटणारा फक्त एकच तंतू असतो, आणि तो चूक झाल्याची बातमी आणतो. डेव्हिड मार यांनी 1969 मध्ये आणि जेम्स आल्बस यांनी 1971 मध्ये असं मांडलं की चूक झाल्याची बातमी आली त्याच क्षणी ज्या समांतर जोडण्या बोलत होत्या, त्यांची ताकद बदलते आणि पुढचा अंदाज सुधारतो. मार यांच्या मते ती वाढते, आल्बस यांच्या मते घटते. 1982 साली जपानमध्ये मासाओ इतो यांना ती घटताना प्रत्यक्ष दिसली. टाका चुकतो, जोडणी बदलते, पुढचा टाका थोडा सरळ पडतो. नवशिक्या मुलीची पहिली ओळ वाकडी आणि दहावी सरळ येते, त्यामागे हीच वजाबाकी आहे.

आता "डोस्कं गप बसतंय" याकडे या. आपण घडीभरात हाताळू शकतो ती माहिती मेंदूतल्या एका छोट्या पाटीवर मावावी लागते. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 साली या पाटीचे कप्पे दाखवले, एक शब्दांचा आणि एक चित्रांचा व जागेचा. भीती आणि काळजी पुष्कळदा चित्रं होऊन येतात. 2009 साली एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना अंगावर येणारी दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यांच्यातल्या काहींना 10 मिनिटं टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ दिला. पुढच्या आठवड्यात या लोकांना ती दृश्यं कमी वेळा आठवली. नंतरच्या प्रयोगात शब्दांची प्रश्नमंजूषा दिली, तेव्हा हा फायदा झाला नाही. चित्रांचा कप्पा भरलेला असणं महत्त्वाचं ठरलं. गोधडी तोच कप्पा भरते: ओळ सरळ आहे का, ठिगळ कुठे बसेल, हिरव्याशेजारी लाल की पिवळा.

यापुढचं मी माझा तर्क म्हणून सांगतो. मराठवाड्यातल्या माणसाच्या काळजीचा ताळा महिनोन्‌महिने लागत नाही. जूनमध्ये पेरलं, पाऊस येईल का? सोयाबीनला काय भाव मिळेल? कर्ज फिटेल का? मेंदू अंदाज बांधत राहतो आणि उत्तर येत नाही. हिशोब उघडा राहतो. सुई मात्र दर सेकंदाला एक अंदाज बांधते आणि दर सेकंदाला त्याचं उत्तर देते. संध्याकाळी हातभर ओळी डोळ्यांसमोर असतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या भागाने पायाखालची जमीनसुद्धा अंदाज मोडते हे पाहिलं आहे. अशा ठिकाणी दर सेकंदाला लागणारा ताळा ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

त्याच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. पैठणच्या मागावर बसलेल्या विणकराला हा दिलासा मिळतोच असं नाही. पदरातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली फिरवायची, चूक झाली तर उसवायचं, मजुरी कामावर, आणि पाठ-डोळे दोन्ही दुखतात. त्याला योग्य दाम मिळणं हीच त्याच्या मनःस्वास्थ्याची पहिली गोष्ट आहे. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सुई-दोरा पुरत नाही. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो. घरात कुणी असं असेल तर आजच लावा.

निरोपातल्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाबद्दलही थोडं. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या आणि 1997 साली मांडलेल्या कामात दिसलं ते असं: फळांचा रस अचानक मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळतात. तोच रस अपेक्षेप्रमाणे मिळू लागला की रसाच्या क्षणी शांत राहतात. अपेक्षा असून मिळाला नाही, तर नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे डोपामिन इथेही अंदाज आणि वास्तव यांच्यातल्या फरकाचीच खबर देतंय. त्याला "आनंदाचं रसायन" म्हणून बाटलीत भरल्यासारखं विकणं चूक आहे. त्याहून घातक म्हणजे मुलांचा मेंदू "जागा" करून देण्याच्या नावाखाली चालणारे "मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन"चे वर्ग. तिथे मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायला लावतात आणि हजारो रुपये घेतात. मूल नाकाशेजारच्या फटीतून बघतं, एवढंच त्यातलं रहस्य. मुलाला खोटं बोलायला शिकवण्यासाठी आई-बापांनी पैसे मोजावेत, याचा मला मनापासून संताप येतो. माणूस उजव्या मेंदूचा की डाव्या, हे सांगणाऱ्या चाचण्याही तशाच. 2013 साली अमेरिकेत 1,011 जणांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा "उजव्या मेंदूची माणसं" असा गट सापडला नाही.

त्या पैशांपेक्षा मुलाला माती द्या. आणि दिल्यावर बक्षीस लावू नका. 1973 साली स्टॅनफर्डमध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता दिलं, काहींना काहीच नाही. पुढे वर्गात रंग मोकळे ठेवले, तेव्हा बक्षिसाची आशा दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आणि दहावीचे वाढीव गुण आल्यापासून चित्र कशासाठी काढायचं हे मुलाला फार लवकर कळतं. परीक्षा असू द्या, पण घरी काढलेल्या चित्राला तरी क्रमांक लावू नये.

पोळ्याच्या आधी माझा पुतण्या ओढ्यावरून काळी माती घेऊन आला. आमची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात शेताला हात जाईल अशा भेगा पडतात. त्याने बैल केला, वाळत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शिंग गळून पडलं. मी काही सांगणार होतो, आईने डोळ्याने थांबवलं. त्याने शिंग चिकटवलं, ते पुन्हा गळलं. मग तो गोठ्यात गेला, मूठभर शेण आणि भुश्श्याचं कूट घेऊन आला आणि मातीत मळायला लागला. काडीकाडीने माती धरून राहते, भेग पुढे पळत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. घरासमोर नव्या सारवणात भुसा मिसळताना त्याने पाहिलं असेल. पोळ्याच्या दिवशी देवापुढे ठेवलेल्या त्या बैलाचं डावं शिंग उजव्यापेक्षा जाड होतं, आणि दोन्ही जागेवर होती.