आइसफिश : पांढऱ्या रक्ताचे खरे कोडे

अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या आइसफिशचे फोटो समाजमाध्यमांवर फिरतात, तेव्हा खाली बहुधा एक वाक्य असते : 'याचे रक्त पांढरे आहे, म्हणून ते गोठत नाही.' मासाही खरा आणि पांढरे रक्तही खरे, पण 'म्हणून' चुकीचे.

बदकाच्या चोचीसारखा पुढे आलेला चपटा जबडा, मोठे डोळे, खवल्यांविना अंग आणि मलईच्या रंगाचे कल्ले असे याचे रूप. देवमासे पकडणारे नॉर्वेजियन खलाशी त्याला 'बिनरक्ताचा मासा' म्हणत. नॉर्वेचे जीवशास्त्रज्ञ योहान रुड यांनी रक्त तपासून १९५४ साली प्रसिद्ध केले की, त्यात तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन नाही.

आता गोठण्याकडे वळू. इथले समुद्राचे पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत द्रव राहते. सामान्य माशाचे रक्त समुद्राहून कमी खारट, त्यामुळे ते उणे ०.८ च्या आसपासच गोठेल. मग इथले मासे का गोठत नाहीत? अमेरिकन जीवशास्त्रज्ञ आर्थर डीव्हरीस यांना १९६०च्या दशकात उत्तर सापडले. ते होते साखरेचे रेणू जोडलेले एक प्रथिन. मीठ गोठणबिंदू उतरवते ते विरघळलेल्या कणांच्या संख्येच्या जोरावर. हे प्रथिन मात्र थेट बर्फाच्या स्फटिकाला चिकटते. गादीला टाके घातल्यावर कापूस टाक्यांच्या मधेच फुगतो ना, तसेच इथे घडते. स्फटिकाला, त्याला चिकटलेल्या प्रथिनाच्या रेणूंच्या मधल्या जागेतूनच फुगत वाढावे लागते आणि त्याचा पृष्ठभाग बाकदार होतो. बाकदार पृष्ठभागावरच्या पाण्याच्या रेणूला शेजारी कमी, पकड सैल, त्यामुळे तो सुटून परत पाण्यात जातो. वाढ चालू ठेवायला आणखी थंडी हवी, आणि तेवढी थंडी या समुद्रात नसतेच! स्फटिक वितळत नाही, नुसता खिळून राहतो. मला या यंत्रणेइतके सुंदर फार थोडे वाटते.

हेच प्रथिन आइसफिशच्या लाल रक्ताच्या भाऊबंदांतही आहे. म्हणजे रंगाचा आणि गोठण्याचा संबंध नाही. पांढरेपणा आला तो हिमोग्लोबिनचे जनुक हरवल्यामुळे. त्याला निसर्गाची योजना किंवा चमत्कार म्हणणे मला पटत नाही. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, म्हणून हे नुकसान निभावले. पण रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता लाल रक्ताच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरली, आणि भरपाईसाठी मोठे हृदय, रुंद वाहिन्या आणि भरपूर रक्त बाळगावे लागते.

अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळाशी, सुमारे पाचशे मीटर खोल, २०२१ मध्ये 'पोलारस्टर्न' या जर्मन संशोधन जहाजाने ओढलेल्या कॅमेऱ्यात याच कुळातल्या एका जातीची घरटी दिसली. अंदाजे सहा कोटी, २४० चौरस किलोमीटरभर पसरलेली. प्रत्येक सुमारे पाऊण मीटर रुंद, मध्यभागी बारीक खडे, त्यावर अंडी, आणि बहुतेक घरट्यांवर एकेक मोठा मासा पहारा देत बसलेला.