गेमिंग लॅपटॉपचे तापमान नियंत्रण

गेमिंग लॅपटॉपमधील प्रोसेसर व ग्राफिक्स चिप जेवढी वीज खातात, ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता अरुंद पेटीतून वेळेवर बाहेर काढणे आणि मुळात ती कमी निर्माण होऊ देणे, ही तापमान नियंत्रणाची दोन अंगे होत. इंटेलच्या कोअर आय७-१२७००एच या प्रोसेसरची मूळ मर्यादा ४५ वॅटची, पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग तात्पुरता वाढवल्यावर, तो थोडा वेळ ११५ वॅटपर्यंत जातो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स चिपला लॅपटॉपचा निर्माता ३५ ते ११५ वॅटांच्या दरम्यान मर्यादा आखून देतो. म्हणजे खेळ रंगात आला की दीडशे वॅटच्या आसपास उष्णता, जुन्या काळच्या शंभराच्या दीड बल्बइतकी, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पेटीतून बाहेर काढावी लागते.

तापमानाचा आकडा पाहून घाबरण्याआधी मर्यादा माहीत हव्यात. इंटेलच्या एच मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, एएमडीच्या रायझनची पिढीनुसार ९५ ते १०५. एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपा साधारण ८७ अंशांना हात आखडता घेतात. खेळताना प्रोसेसर ८५ ते ९५ आणि ग्राफिक्स चिप ७५ ते ८५ अंशांवर असणे हा बिघाड नव्हे. अशा यंत्रांची रचनाच तशी असते. मर्यादा गाठली की चिप स्वतःच वेग उतरवते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. चिप जळत नाही, पण ऐन लढाईत फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे, ९० वरून ३५ वर येतात आणि खेळणाऱ्याला वाटते की खेळच अडकला.

उष्णतेचा मार्ग. लॅपटॉपच्या चिपेवर डेस्कटॉपसारखे धातूचे झाकण नसते. उघड्या सिलिकॉनवर थर्मल पेस्टचा (उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा) पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीवरून चपट्या हीट पाइप, पाइपांच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी आणि जाळीतून हवा ढकलणारे पंखे, अशी साखळी असते. हीट पाइप भरीव नसते. आतली हवा काढून तिच्यात थोडे पाणी भरलेले असते. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, थंड टोकाला वाफ पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र थरातून पाणी मागे झिरपते. म्हणूनच चिमटलेली किंवा वाकलेली पाइप निकामी होते. बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर व ग्राफिक्स चिप एकाच पाइपांवर असतात. त्यामुळे प्रोसेसरचे वॅट कमी केले की ग्राफिक्स चिपही थंड होते. हा फायदा पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दोष कुठे आहे. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून अर्धा तास खेळावे आणि तापमान कसे चढते ते पाहावे. ताण पडताच एक-दोन सेकंदांत तापमान १०० वर उडी मारत असेल आणि ताण काढताच तितक्याच वेगाने उतरत असेल, तर चिप आणि तांबे यांचा संपर्क बिघडला आहे. पेस्ट गेली आहे. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत जाऊन तिथेच बसत असेल, तर हवेचा मार्ग अडला आहे. ग्राफिक्स चिपेच्या सरासरी तापमानात आणि 'हॉटस्पॉट'मध्ये (चिपेवरच्या सर्वांत गरम जागेच्या तापमानात) १०-१५ अंशांचा फरक नेहमीचा. २५ च्या पुढे गेला तर पेस्टचा थर एका बाजूने सरकला असे समजावे.

तापमान मोजताना खोलीचा आकडाही लिहून ठेवावा. खोली जेवढे अंश चढते, साधारण तेवढेच अंश चिपही चढते. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ८० वर राहणारा लॅपटॉप मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडच्या ४० अंशांच्या खोलीत ९५ वर जाईल आणि त्यात त्याचा काही दोष नाही. डिसेंबरच्या आणि मेच्या आकड्यांची तुलना करून पेस्ट बदलायला निघणे व्यर्थ आहे. कूलरसमोर लॅपटॉप ठेवल्याने हवा थंड मिळते, मात्र पाण्याचे तुषार उडतील इतके जवळ ठेवू नये.

हवा. पंखे हवा तळातून ओढतात. गादीवर ठेवलेला लॅपटॉप म्हणजे नाक दाबलेला माणूस. मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचलली तर फुकटात काही अंश मिळतात. साधे कूलिंग पॅड त्याहून फार काही देत नाही. कडेने फोमची पट्टी असलेले आणि हवा दाबून आत घालणारे पॅड जास्त उपयोगी, पण आवाज मोठा. धूळ पंख्याच्या पात्यांपेक्षा जाळीच्या आतल्या तोंडाशी साचते आणि तिचा नमद्यासारखा थर होतो. बाहेरून फुंकल्यास तो आतच ढकलला जातो. तळाचे झाकण काढून, पंख्याची पाती बोटाने धरून मग ब्लोअर मारावा. पाती मोकळी सोडली तर पंखा अतिवेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

वॅट कमी करणे. पेचकस हाती घेण्याआधी हे करावे. फ्रेमची मर्यादा घालणे हा सर्वांत सोपा उपाय: १४४ हर्ट्झचा पडदा असला तरी कथाप्रधान खेळाला ६० ते ७५ फ्रेम पुरतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक प्रोसेसरांचा टर्बो बंद पडतो. ज्या खेळात सगळा भार ग्राफिक्स चिपेवर असतो तिथे फ्रेम फारशा घटत नाहीत, प्रोसेसर मात्र बराच निवतो. विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्याच वेगाला ९०० ऐवजी ८०० मिलिव्होल्ट दिले तर वापर सुमारे एक पंचमांशाने घटतो. ग्राफिक्स चिपेसाठी हे आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधील वेग-व्होल्टेजच्या वक्ररेषेवर करता येते. इंटेलच्या प्रोसेसरसाठी थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये १०-१० मिलिव्होल्ट उतरवत जावे. पडदा निळा झाला किंवा खेळ आपोआप बंद पडला तर २० मागे यावे. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्यावर अनेक निर्मात्यांनी बायोसमध्येच (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीतच) ही सोय कुलूपबंद केली. तिथे आकडा बदललेला दिसतो, परिणाम होत नाही. मग पीएल१ (सततची) व पीएल२ (थोड्या वेळाची, टर्बोची) या वॅटमर्यादा उतरवाव्यात.

पेस्ट बदलणे. उघड्या सिलिकॉनवर पातळ पेस्ट टिकत नाही. तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात ती कडेला ढकलली जाते आणि मधोमध कोरडा डाग उरतो. त्यामुळे डेस्कटॉपवर नावाजलेली पेस्ट इथे काही महिन्यांत हार मानते. घट्ट पेस्ट घ्यावी किंवा हनीवेलची पीटीएम७९५० ही पत्री. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन खाचा भरते आणि वर्षानुवर्षे जागा सोडत नाही. लावल्यावर लगेच आकडे चांगले येत नाहीत, काही वेळा तापून निवल्यावर ती बसते. घरी करणाऱ्यासाठी हाच पर्याय सर्वांत भरवशाचा.

झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची पिन काढावी. हीटसिंकच्या (तांब्याची पट्टी, पाइप व जाळी या जोडणीच्या) स्क्रूंजवळ १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. सोडताना उलट्या क्रमाने, आवळताना सुलट क्रमाने आणि प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा. एकच कोपरा पूर्ण आवळला तर सिलिकॉनचा कोपरा टवकतो आणि मदरबोर्डच जातो. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे आणावेत. ०.५ मिमीच्या जागी १ मिमीचे लावले की हीटसिंक उचलले जाते, चिपेला टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढते. पेस्ट बदलल्यावर तापमान वाढल्याच्या तक्रारीत हा संशय आधी घ्यावा. गॅलियमयुक्त द्रवधातू उष्णता फार चांगली वाहतो, पण तो वीजही वाहतो आणि ॲल्युमिनियम ठिसूळ करतो. ओघळलेला एक थेंब यंत्र संपवू शकतो. अनुभव नसताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

उष्णतेचा कायमचा घाव चिपेपेक्षा बॅटरीवर बसतो. सतत चार्जर लावून खेळणाऱ्याने निर्मात्याच्या ॲपमध्ये चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवावे. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटू लागला, क्लिक जड झाली किंवा झाकणाच्या फटीत कागद जाऊ लागला, तर बॅटरी फुगली आहे. अशी बॅटरी दाबू अथवा टोचू नये. लॅपटॉप बंद करून ती बदलून घ्यावी आणि जुनी ई-कचरा केंद्रात द्यावी.