डेल अर्नहार्टला हवा खरंच दिसायची?

अमेरिकेतल्या नॅसकार मोटार शर्यतींचे चाहते आजही छातीठोकपणे सांगतात की डेल अर्नहार्टला हवा दिसायची. दिव्यदृष्टीच्या या गप्पा बाजूला ठेवू. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅनॅपोलिसच्या या ड्रायव्हरने 1980 ते 1994 दरम्यान सात अजिंक्यपदं पटकावली आणि सगळ्या कारकिर्दीत मिळून 76 शर्यती जिंकल्या. त्यांतल्या दहा एकट्या टॅलाडेगाच्या ट्रॅकवर. तिथे तो इतका भारी का पडायचा, याचं उत्तर आठवी-नववीच्या विज्ञानात सापडतं.

1987 साली टॅलाडेगात बिल एलियटने ताशी 342 किलोमीटरचा वेग गाठला. त्याच वेळच्या शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसनची गाडी हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरची जाळी फाडत गेली. म्हणून 1988 पासून टॅलाडेगा आणि डेटोना या दोन वेगवान ट्रॅकवर कार्बुरेटर (हवेत इंधन मिसळणारा भाग) आणि इनटेक मॅनिफोल्ड (ते मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्या) यांच्या मध्ये चार भोकांची एक पातळ पट्टी बसवणं सक्तीचं झालं. भोकं जेमतेम इंचभर व्यासाची. हवा कमी म्हणजे इंधनही कमीच जळणार. 700 हून अधिक अश्वशक्तीचं इंजिन साडेचारशेच्या आसपास यायचं. अशा इंजिनात ऐनवेळी जोर काढायला काही उरत नसे. पाय पूर्ण दाबलेलाच असायचा.

मग पुढे जायचं कसं? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. वेग फक्त 10 टक्के वाढवायचा तर शक्ती 33 टक्के जास्त लागते. ती नसेल तर विरोधच कमी करायला हवा. धावत्या गाडीच्या नाकासमोर हवा दाबली जाते, शेपटीमागे कमी दाबाचा घोळ तयार होतो, आणि हा दाबातला फरक गाडीला मागे खेचत असतो. दुसरी गाडी त्या घोळात शिरली की तिच्या नाकावरचा दाब उतरतो. ट्रकच्या मागे दुचाकी हलकी पळते ती यामुळेच (हा प्रयोग करू नका, ट्रकला ब्रेक असतात). गंमत अशी की फायदा पुढच्या गाडीलाही होतो: मागचीच्या नाकापुढची दाबलेली हवा तिच्या शेपटीमागची पोकळी भरून काढते. त्यामुळे दोघी मिळून एकटीपेक्षा जोरात पळतात. रांग सोडून एकटा बाहेर पडलेला मात्र बघता बघता दहा-पंधरा नंबर मागे जातो.

अर्नहार्टचा हातखंडा याच्या पुढचा. गाडीच्या शेपटीवरचा स्पॉयलर (उभी पट्टी) वाहत्या हवेच्या जोरावर मागची चाकं रस्त्यावर दाबून धरतो. अर्नहार्ट पुढच्याच्या मागच्या बंपरच्या एका कोपऱ्याला, हातभर अंतरावर नाक नेऊन ठेवायचा. स्पॉयलरवरचा प्रवाह विस्कटतो, मागची चाकं हलकी होतात, वळणावर शेपूट बाहेर सरकू लागते. ड्रायव्हरला पाय उचलावाच लागतो आणि पट्टी लावलेल्या इंजिनात गेलेला वेग लवकर परत येत नाही. धक्का न लावता समोरच्याला बाजूला सारायची ही रीत. अर्थात धक्का लावायलाही तो कचरत नसे!

तोटाही आहे. फार वेळ चिकटून राहिलं तर रेडिएटरला ताजी हवा मिळत नाही आणि पाणी उकळायला लागतं. मग अधूनमधून नाक अर्धी गाडी बाहेर काढून इंजिन थंड करावं लागतं. विरोध कमी व्हावा म्हणून गाडीच्या नाकावरच्या जाळीला जास्त टेप चिकटवली असेल, तर ही वेळ आणखी लवकर येते.

1998 साली, विसाव्या प्रयत्नात, त्याने डेटोना 500 ही नॅसकारची सर्वांत मानाची शर्यत जिंकली. डॅशबोर्डवर एका लहान मुलीने दिलेलं नाणं चिकटवलेलं होतं. श्रेय त्या ‘लकी’ नाण्याला देणारे आजही भेटतात. 1990 मध्ये याच शर्यतीत तो शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना टायर फुटला होता. त्यामागे धातूचा एक तुकडा होता, नशीब नव्हे.

ऑक्टोबर 2000 मध्ये टॅलाडेगात गाड्यांच्या छपरावर आडवी पट्टी बसवली होती. तिच्यामुळे मागचा घोळ मोठा झाला, साहजिकच ओढही वाढली. पाचेक फेऱ्या उरल्या असताना अर्नहार्ट अठरावा होता. केनी वॉलेसने मागून रेटा दिला आणि दोघे रांगेने पुढे सरकले. अर्नहार्ट पहिला आला. ही त्याची 76वी आणि शेवटची जीत.

18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनात, शेवटच्या फेरीत, त्याची गाडी भिंतीवर आदळली. कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने तो गेला. अशा धडकेत सीटबेल्टच्या पट्ट्यांनी धड जागेवर धरलं जातं, डोकं मात्र पुढे जात राहतं आणि सगळा ताण मानेवर, कवटीच्या बुडाशी येतो. हेल्मेट खांद्यावरच्या कॉलरला दोऱ्यांनी बांधून हा झटका अडवणारं हान्स नावाचं साधन तेव्हा उपलब्ध होतं, पण ऐच्छिक होतं. असा डोकं-मान आधार नॅसकारने सक्तीचा केला तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये.