दत्तक व प्रतिपालक कुटुंबांना ख्रिस्ती मंडळीचा आधार (नागपूर)

दत्तक घेतलेल्या किंवा प्रतिपालकत्वाने (फॉस्टर केअर), म्हणजे ठरावीक काळापुरते, सांभाळलेल्या मुलांच्या कुटुंबांना चर्च, त्यातील मंडळी आणि शेजारपाजार यांच्याकडून मिळणारे साहाय्य. नागपुरात हे साहाय्य बहुतांशी अनौपचारिक आहे. पाळकाची घरभेट, स्त्रियांची सभा, बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्ममातापिता आणि संडे स्कूल ही त्याची नेहमीची रूपे होत. मूल कोणाच्या घरी जावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र चर्चला नाही; तो कायद्याने नेमलेल्या यंत्रणांचा आहे.

शहरातील प्रॉटेस्टंट कार्याचा आरंभ स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या १८४५ मधील आगमनापासून धरतात. कॅथलिक मिशन त्याच दशकातले. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला व १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रॉटेस्टंट चर्चची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या संस्थेचे मुख्यालयही येथेच आहे.

दुसऱ्याचे मूल घरात वाढविण्याच्या व मंडळीने त्याला हातभार लावण्याच्या या प्रथेच्या उगमाविषयी दोन प्रकारे विचार करता येतो. पहिला दुवा दुष्काळाचा. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत, नागपूर ज्यात होते त्या ब्रिटिशकालीन मध्य प्रांताची फार मोठी हानी झाली व निराधार मुले मोठ्या संख्येने मिशनच्या अनाथालयांत आली. अशा मुलांसाठी आधी नातेवाईक किंवा स्वधर्मीय शोधावेत, असे सरकारी धोरण होते. त्याचे पालन सर्वत्र सारखेच झाले असे म्हणता येत नाही. तथापि अनाथालयातली मुले वसतिगृहात वाढत, कुटुंबात नव्हे. त्यामुळे घरात परके मूल वाढविण्याची रीत थेट अनाथालयातून आली, असे मानण्यास अडचण पडते. दुसरा दुवा नातलगांचा. बहिणीचे, दिराचे किंवा वारलेल्या भावाचे लेकरू आपल्याकडे आणून वाढविणे ही विदर्भात सर्व जातिधर्मांत आढळणारी जुनी रीत आहे, आणि धर्मांतराने ती मोडली नसावी. कुटुंबातील संगोपनाचा खुलासा या दुसऱ्या दुव्याने अधिक नीट होतो. पहिल्या दुव्याने एक वेगळी गोष्ट उलगडते. अनाथालयात वाढलेल्यांना लग्नानंतर ना माहेर होते ना भावकी. त्यांच्या अडीअडचणीला धावणारी माणसे म्हणजे मिशनच्या आवारातली मंडळीच. नातलगांची कामे मंडळीने करण्याची सवय बहुधा तेव्हाची असावी.

निराधार मुलांचे काम शहरात एकट्या चर्चने केले असे नाही. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेला मातृसेवा संघ आणि श्रद्धानंदपेठेतील श्रद्धानंद अनाथालय ही त्याची ठळक उदाहरणे.

कायद्याची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू होतो. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी व ज्यू त्याच्या कक्षेबाहेर आहेत. नागपुरात याचा एक वेगळाच परिणाम दिसला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना त्याच वर्षाअखेरीस अमलात आलेल्या या कायद्याने दत्तक घेता येत होते. त्याच वस्तीतल्या ख्रिस्ती शेजाऱ्याला ती सोय नव्हती. त्याला पालक व पाल्य कायदा, १८९० खाली न्यायालयाकडून केवळ पालक म्हणून नेमणूक मिळे. असा पाल्य १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. सज्ञान झाला की पालकत्व संपे आणि वारसाहक्काचा प्रश्न लोंबकळत राही. घरातल्या लेकराच्या नावे काही ठेवायचे तर मृत्युपत्र करण्याखेरीज खात्रीचा मार्ग नव्हता. मृत्युपत्र वेळेत करून ठेवा, हे सांगण्याचे काम अनेकदा पाळकावर येई. साधारणतः १९९९–२००० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने, टाकून दिलेल्या मुलाला कुटुंब मिळण्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे मानून ख्रिस्ती दांपत्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे बालन्याय कायदा (२०००) व त्यातील २००६ ची दुरुस्ती यांनी धर्मनिरपेक्ष दत्तकाची वाट रुंद केली. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सर्वधर्मीयांना खुली असल्याचे स्पष्ट केले. २०१५ च्या नव्या बालन्याय कायद्यानुसार दत्तक-आदेशाच्या दिवसापासून मूल सर्व दृष्टींनी दत्तक आईवडिलांचे ठरते, वारसाहक्कासह. असा आदेश काढण्याचा न्यायालयाचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हादंडाधिकाऱ्यांना दिला. ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे नागरी कायद्याने दत्तक घेतलेले मूल चर्चही त्या दांपत्याचेच मानते (कलम ११०). नोंदवहीत दत्तक आईवडिलांची नावे लिहायची असतात. जन्मदात्यांची नावे निदान त्या प्रदेशातील नागरी नोंदीत लिहिली जात असतील तर लिहावीत, आणि यात बिशपांच्या परिषदेचे नियम पाळावेत, असे कलम ८७७ सांगते. येथील दत्तक मुलाच्या जन्मदाखल्यावर दत्तक आईवडिलांचीच नावे येत असल्याने व्यवहारात तीच वहीत येतात. त्याच संहितेतील कलम १०९४ नुसार दत्तकाने जुळलेले जवळचे नाते विवाहाला अडथळा ठरते. म्हणजे दत्तक भाऊबहिणींचा विवाह चर्चमध्ये लागत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत इतकी बांधीव तरतूद आढळत नाही. तेथे पाळक व पास्टोरेट कमिटी (स्थानिक चर्चचा कारभार पाहणारी समिती) प्रसंग पाहून ठरवितात.

२०१५ मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेने दत्तकाच्या नव्या नियमांतील एकल पालकत्वासारख्या तरतुदींना हरकत घेऊन देशभरातील आपले दत्तककार्य थांबविले. तेव्हापासून कॅथलिक साहाय्याचा भर दत्तक देण्याऐवजी कुटुंबांना सोबत करण्यावर आला, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

प्रत्यक्ष साहाय्य साधे असते. मूल घरी आल्यावर पहिले काही दिवस सभेतल्या बायका पाळीपाळीने डबा पोचवितात. झबली, दुपटी, लहान मुलांचे कपडे घरोघरून गोळा होतात. याहून नाजूक काम बोलण्याचे. बाळ पाहायला आलेल्या बाईच्या तोंडून ‘कोणावर गेलं गं हे लेकरू?’ असे सहज निघून जाते, आणि नव्या आईला उत्तर सुचत नाही. सभेतली एखादी जाणती बाई अशा भेटींना बरोबर बसते व विषय बदलते. मोठे मूल आलेल्या घरात शाळाप्रवेश, रात्रीची भीती, ताटातले अन्न लपवून ठेवण्याची सवय असे प्रश्न असतात. त्यात प्रार्थनेइतकाच समुपदेशकाचा उपयोग होतो, हे काही पाळक स्वतःच सुचवितात.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रार्थनेच्या विनंतीसोबत मुलाचा फोटो टाकणे म्हणूनच टाळावे लागते. चर्चच्या पायरीवर सापडलेले तान्हे मूल भाविक कुटुंबाच्या ओटीत घालणे हा तर गुन्हा आहे: चोवीस तासांत पोलीस, चाइल्ड हेल्पलाइन १०९८ किंवा बालकल्याण समितीला कळविणे बंधनकारक असून प्रक्रिया डावलून दत्तक दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची किंवा एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. २०१७ च्या दत्तक नियमावलीत परिचितांची किंवा नातलगांची दोन शिफारसपत्रे मागितली होती; पाळकाचे पत्र त्यांपैकी एक असू शके. त्यापलीकडे चर्चच्या शब्दाला प्रक्रियेत वजन नाही.

प्रतिपालकत्वात मूल ठरावीक काळापुरतेच घरी येते व ते साधारणतः सहा वर्षांवरील असते. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा मुलाला दत्तक घेण्यापूर्वी पाच वर्षांचा सहवास अपेक्षित होता. २०२४ मध्ये तो दोन वर्षांवर आला आणि अविवाहितांनाही प्रतिपालक होता येऊ लागले. महाराष्ट्रात नातलगांकडे राहणाऱ्या मुलांना बालसंगोपन योजनेचे मासिक अनुदान मिळते. २०२३ पासून ते दरमहा २,२५० रुपये आहे. चर्चमधील वृद्ध आजीआजोबांना या योजनेचा अर्ज भरून देणे, उत्पन्नाचा दाखला मिळवून देणे ही कामे युवक संघाकडे सोपविलेली दिसतात.