आधी पावती, मग मत: टेक्ससमधल्या डोईपट्टीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात डोईपट्टी, म्हणजे कमाई कितीही असो, माणशी ठरावीक रकमेचा कर, पूर्वीपासूनच होती, शाळांच्या खर्चासाठी. नोव्हेंबर 1902 मध्ये मतदारांनी राज्याच्या घटनेतल्या दुरुस्तीला कौल दिला आणि ती मतदानाची अट झाली. पट्टीची पावती नसेल, तर मत नाही.

राज्याचे दीड डॉलर, वर काउंटीचे (राज्यातल्या जिल्ह्याचे) पाव डॉलर. रक्कम आज किरकोळ वाटते, पण दुसऱ्याच्या रानात वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कुळाच्या हाती रोकड यायची वर्षातून एकदा, तीही बहुतेक दुकानदाराच्या उधारीत जिरायची. खरी मेख मुदतीत होती. पट्टी 31 जानेवारीच्या आत भरायची आणि निवडणूक उन्हाळ्यात, नाहीतर नोव्हेंबरात. प्रचाराचा पत्ता नसताना पैसे मोजायला कोण उठून जाणार?

दुरुस्तीत वंशाचा उल्लेख नव्हता, तशी गरजही नव्हती. 1890 च्या दशकात पॉप्युलिस्ट पक्षाने गरीब गोरे आणि काळे शेतकरी एकत्र आणून डेमोक्रॅट पुढाऱ्यांना घाम फोडला होता. त्यानंतर आलेल्या या अटीने काळे, मेक्सिकन वंशाचे आणि गरीब गोरे असे तिघेही मतपेटीपासून लांब गेले. पुढे मेक्सिकन-अमेरिकन संघटनांना दारोदार फिरून लोकांना पट्टी भरायला लावण्याच्या मोहिमाच काढाव्या लागल्या.

नोव्हेंबर 1963 मध्ये अट रद्द करण्याचा प्रस्ताव लोकांपुढे आला आणि पडला. यात फारसं नवल नाही. त्या दिवशी मत द्यायलाही पट्टी भरलेली असावी लागत होती. जे बाहेर ठेवले गेले होते, त्यांना विचारलंच कुणी नाही.

जानेवारी 1964 मध्ये पुरेशा राज्यांच्या मान्यतेने अमेरिकेच्या राज्यघटनेची 24 वी दुरुस्ती मंजूर झाली आणि मतदानासाठी पट्टीची अट घालायला मनाई झाली, पण ती केवळ संघीय, म्हणजे देशपातळीवरच्या निवडणुकांपुरती. त्यामुळे टेक्ससमध्ये अध्यक्षासाठी मत फुकट, गव्हर्नरसाठी मात्र पट्टी, असा अजब कारभार सुरू झाला. फेब्रुवारी 1966 मध्ये संघीय न्यायालयाने तोही मोडीत काढला. पुढच्याच महिन्यात व्हर्जिनियातल्या हार्पर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी राज्यांच्या निवडणुकांतली अशी पट्टी घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात टेक्ससच्या मतदारांनी ही अट आपल्या राज्यघटनेतून काढली. 24 व्या दुरुस्तीला टेक्ससच्या विधिमंडळाने औपचारिक मान्यता दिली ती थेट 2009 साली.