बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं

सोलापुरात पोराचा पाय दुखला की मुका मार समजून आधी गरम तेलाने चोळतात. पण गुडघ्याखालचं दुखणं दोन आठवडे उलटूनही हटत नसेल, रात्री वाढत असेल आणि मूल दर वेळी त्याच जागेवर बोट ठेवत असेल, तर चोळणं थांबवा आणि एक्स-रे काढा. वाढीच्या वयातलं साधं दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं, सकाळपर्यंत जातं आणि मूल लंगडत नाही.

असं दुखणं हाडात जंतुसंसर्ग होऊन पू साचल्याचं, म्हणजे हाडातल्या गळवाचं असू शकतं. हाडातला जंतुसंसर्ग म्हटलं की फणफणलेला ताप डोळ्यांपुढे येतो. मंद प्रकारात तो बहुतेकदा नसतोच. स्टॅफिलोकोकस ऑरियससारखा जंतू रक्तातून हाडाच्या टोकाजवळ, वाढीच्या पट्ट्यालगत येतो, कारण तिथे रक्त संथ वाहतं. जंतूचा जोर कमी आणि शरीराचा प्रतिकार चांगला असल्याने पू तिथेच कोंडतो, भोवती टणक हाडाची भिंत उभी राहते. म्हणून पांढऱ्या पेशी नॉर्मल, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) जेमतेम वाढलेला, ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काहीच नाही, असे रिपोर्ट येतात. ते पाहून निर्धास्त होऊ नका.

बेंजामिन ब्रोडी या इंग्रज सर्जननी 1832 मध्ये अशा गळवांचं वर्णन केलं. कापून टाकलेल्या एका पायाच्या नडगीत त्यांना पू सापडला होता. पुढच्या रुग्णाच्या हाडाला भोक पाडून त्यांनी पाय वाचवला.

एक्स-रेवर काळसर पोकळी आणि तिच्याभोवती पांढरी कड दिसते. एमआरआयने गळू किती पसरलंय ते कळतं. तरीही इविंग सार्कोमा (हाडाचा कॅन्सर), हाडाचा टीबी किंवा ऑस्टिऑइड ऑस्टिओमा (हाडाची साधी, कॅन्सर नसलेली गाठ) असंच सोंग घेऊ शकतात. म्हणून हाडाचा नमुना कल्चर, टीबीची तपासणी आणि बायोप्सी अशा तिन्ही ठिकाणी जायला हवा. मुलाची तब्येत स्थिर असेल तर नमुन्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नये. दोन-चार गोळ्यांनीही जंतू कल्चरमध्ये न उगवण्याची शक्यता वाढते आणि मग औषध अंदाजाने द्यावं लागतं.

गळू मोठं असेल तर ते खरवडून रिकामं करतात. अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे चालतं, सुरुवातीला शिरेतून, नंतर तोंडाने. दहाव्या दिवशी दुखणं थांबलं म्हणून गोळ्या सोडल्या, तर गळू पुन्हा भरू शकतं. खरवडलेलं हाड पोकळ असतं, म्हणून ते मोडू नये यासाठी काही आठवडे प्लॅस्टर किंवा कुबड्या लागतात. अक्कलकोट, मोहोळहून सिव्हिलला येणाऱ्यांनी जुने एक्स-रे जरूर आणावेत. पोकळी भरतेय की वाढतेय, ते दोन फिल्म शेजारी धरल्यावरच कळतं.