स्वस्त चिनी कार्बन आला कुठून?

चीनहून स्वस्तात येणाऱ्या कार्बन धाग्याच्या सायकलींची आणि त्यांच्या भागांची गोष्ट खरं तर मासे पकडायच्या काठीपासून सुरू होते. ओसाकातल्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी 1959 च्या सुमारास ॲक्रिलिक धागा भाजून त्यापासून मजबूत कार्बन धागा काढला. तोरे या जपानी कंपनीने 1971 मध्ये त्याचं व्यावसायिक उत्पादन सुरू केलं, पण एवढ्या महागड्या धाग्याला गिऱ्हाईक कुठलं? विमानवाले सावध, एका सुट्या भागाला मान्यता द्यायला वर्षं लावणारे. 1972 मध्ये गळाच्या काठ्या आल्या, पुढच्या वर्षी गोल्फच्या दांड्या. हौसेला मोल नसतं, हे जपानी व्यापाऱ्यांनी बरोबर हेरलं.

पुढे तैवान टेनिस रॅकेटचं मोठं केंद्र बनलं. राळ भरलेलं कार्बनचं कापड कापायचं, साच्यात थरावर थर बसवायचे, आतून हवेचा दाब द्यायचा आणि भट्टीत शिजवायचं, हे हातकाम तिथल्या कामगारांच्या अंगवळणी पडलं. आज चीनमधल्या झियामेनहून खोक्यातून येणारा हँडलबार त्याच विद्येतून घडतो.

युरोपात तोवर वेगळा प्रकार चालू होता. ग्रेग लेमाँने 1986 ची टूर द फ्रान्स जिंकली ती लूक कंपनीच्या कार्बन सायकलवर. कार्बनच्या सायकलवर जिंकलेली ही पहिली टूर. पण ती फ्रेम म्हणजे ॲल्युमिनियमच्या सांध्यांत डिंकाने चिकटवलेल्या कार्बनच्या नळ्या. हे दोन पदार्थ ओलाव्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम गंजू लागतं, आणि या जातीच्या फ्रेमचे सांधे पुढे सुटूही लागत. त्याच वर्षी अमेरिकेत केस्ट्रेल कंपनीने असे सांधे नसलेली अखंड कार्बन फ्रेम काढली. दोन्ही श्रीमंतांची खेळणी.

किमतीला खरा धक्का दिला तैवानने. 1972 साली सुरू झालेली जायंट कंपनी अमेरिकी श्विनसाठी सायकली बनवायची. श्विनने चीनमधल्या शेनझेनचा रस्ता धरल्यावर जायंटला स्वतःचं नाव उभं करणं भाग पडलं. तैवानच्या औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या मदतीने त्यांनी 1987 मध्ये कॅडेक्स 980 सी ही मोठ्या संख्येने तयार होणारी कार्बन सायकल बाजारात आणली. नव्वदच्या दशकात मजुरी स्वस्त म्हणून तैवानी कंपन्या समुद्र ओलांडून चीनमध्ये गेल्या. साचे, भट्ट्या आणि जाणते कारागीर, सगळंच तिकडे पोचलं. चिनी सायकलींचा ओघ पाहून युरोपने 1993 मध्ये 30.6 टक्के अँटी-डंपिंग शुल्क (पडेल भावाच्या परदेशी मालावरचा जादा कर) लावलं, 2005 मध्ये ते 48.5 टक्क्यांवर नेलं. कार्बनचं हातकाम मात्र पूर्वेतच राहिलं.

मग आला ‘ओपन मोल्ड’ हा प्रकार. साचा कारखान्याच्या मालकीचा, त्यातून निघालेल्या फ्रेमवर कुणीही आपलं नाव चिकटवावं किंवा कोरीच विकावी. इथूनच ‘अहो, ब्रँडवाल्यांचाच कारखाना, फक्त स्टिकर नाही’ ही लाडकी अफवा जन्मली. ती अर्धवट खरी असल्यामुळे जास्त घातक. छप्पर एक असलं तरी कापडाचा तुकडा कुठे किती जाड आणि कुठल्या दिशेने बसवायचा याचा आराखडा वेगळा असतो, आणि माल नापास करणारा माणूसही वेगळा असतो. कधी तो नसतोच. जाहिरातीत ‘तोरे टी-1000’ असं उंची धाग्याचं नाव लिहायला काहीच पडत नाही. धागा उत्तम असला तरी थरांत हवेचे बुडबुडे राहिले किंवा वळणावर कापडाला चुणी पडली, तर तिथेच दुबळी जागा तयार होते. वरच्या चकचकीत विणीखाली ती दिसत नाही. ॲल्युमिनियम पुष्कळदा आधी वाकून इशारा देतं. कार्बन तेवढी सभ्यता क्वचितच दाखवतो.

यावर उपाय चाचणीचा. आयएसओ 4210 या सायकलींच्या मानकात हँडलबारला एक लाख वेळा भार देऊन पाहतात. स्वस्तात पहिली कात्री लागते ती या खर्चाला.

नामांकित माल तुटत नाही असंही नाही. 2 मार्च 2021 ला बेल्जियममधल्या ल सामिन शर्यतीत मॅथ्यू व्हान डर पूलच्या कॅन्यन सायकलच्या हँडलबारचा तुकडा पडला. तसाच तो शर्यत पूर्ण करून गेला. नंतर कंपनीने त्या मॉडेलच्या मालकांना सायकल चालवू नका असं कळवलं आणि भाग नव्याने आखला. माझ्या मते जास्तीचे पैसे जातात ते यासाठी. बिननावाच्या दुकानाला तुमचा पत्ता फक्त खोकं पाठवण्यापुरता लागतो. आणि सगळं खापर कार्बनवर फोडू नये: 2006 च्या पॅरिस-रूबे शर्यतीत सायकलपटू जॉर्ज हिंकापीच्या फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) मोडलेली दांडी ॲल्युमिनियमची होती.

आपल्याकडच्या सायकलवाल्यांनी चाकांकडे जास्त बघावं. रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाची कडाच दाबून थांबवणाऱ्या ब्रेकच्या, कार्बन चाकावर लांब उतारात ब्रेक धरून ठेवला की रिम तापते, राळ मऊ पडते, आतल्या ट्यूबचा दाब रिमच्या कडा बाहेर ढकलतो. सिंहगड किंवा आंबेनळी उतरणाऱ्याला ही भीती पुस्तकी वाटणार नाही. 2018 पासून रस्त्यावरच्या शर्यतींत चाकाच्या मधोमध बसवलेली चकती दाबणारे डिस्क ब्रेक कायमचे आले, तेव्हा हा ताप रिमवरून उतरला. स्वस्त चिनी चाकांची पत सुधारली त्यात कारखान्यांचं श्रेय आहेच, पण डिस्कचाही मोठा वाटा आहे.

मधल्या काळात काही चिनी कंपन्या स्वतःच्या नावावर, हमी देऊन चाकं विकू लागल्या. 2025 मध्ये शेनझेनच्या एक्सडीएस कंपनीची सायकल अस्ताना या व्यावसायिक संघासोबत वर्ल्ड टूर या सर्वोच्च शर्यतमालिकेत उतरली. त्यामुळे ‘चिनी’ हा शब्द आता पुरेसा नाही. नाव असलेला चिनी की बिननावाचा, हे विचारावं लागतं. भारतात नोव्हेंबर 2020 मध्ये अलीएक्सप्रेस या चिनी ऑनलाइन दुकानावर बंदी आली. मधल्या माणसाकडून घेतलेल्या भागाबाबत परत कुणाकडे जायचं, हा प्रश्न त्यामुळे आणखी अवघड झाला.

बाटलीचा स्टँड बिननावाचा घ्यायला माझी हरकत नाही. तुटला तर बाटली पडेल. हँडलबार, स्टेम (हँडलबार धरणारा भाग) आणि फोर्क मात्र मी तसे घेणार नाही, आणि घेतलेच असतील तर टॉर्कचा पाना (बोल्ट ठरावीक जोराइतकाच आवळणारा) वापरल्याशिवाय बोल्टला हात लावणार नाही.